गोव्यात एवढी घरं बंद, मग भाव का उतरत नाहीत? आणि आम्ही घ्यावं की भाड्यानंच राहावं?

तुमचा प्रश्न लांब आहे. इतरांना कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. दोघंही नोकरीला, एकाचं ऑफिस पणजीत, दुसऱ्याची कंपनी वेर्ण्याला. हातात येणारा पगार मिळून १ लाख १० हजार, शिल्लक २२ लाख. पर्वरीत टू बीएचकेत २५ हजार भाड्यानं राहता आणि त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट ९५ लाखांना सांगतात. निम्म्या फ्लॅटना वर्षभर कुलूप. डिचोलीला आजोबांचं कौलारू घर आहे, तेही बंद, वारसदार पाच. म्हणून विचारता की एवढी घरं रिकामी तर भाव खाली का येत नाहीत, सरकारनं भाडं बांधून द्यावं का, बाहेरच्यांना खरेदीला बंदी घालावी का, आणि तोवर आम्ही काय करावं.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक धोरणाचा, दुसरा तुमच्या घरचा. धोरणाचं जे व्हायचं ते होईल, पण त्याच्या भरवशावर तुम्ही पाच वर्षं थांबलात तर तोही एक निर्णयच आहे आणि त्याचाही हिशेब करावा लागतो. काही गोष्टी मला तुमच्याकडून कळलेल्या नाहीत: मुलं किती आणि शाळेत कुठल्या इयत्तेत, कंपनी बदली करते का, आईवडील कुणाकडे राहतात. त्यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल.

आधी भावाचं. बँकेसाठी घराची किंमत काढताना आम्ही दोन बाजूंनी पाहतो. आजूबाजूला नोंदले गेलेले व्यवहार काय भावानं झाले हे एक, आणि ते घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय सुटेल हे दुसरं. डिचोली, साखळी, फोंडा बाजारपेठेच्या मागच्या गल्ल्या, इथं दोन्ही आकडे बऱ्यापैकी जवळ येतात. पर्वरीपासून उत्तरेला बार्देशच्या किनाऱ्याकडे सरकलात की ते जुळायचे थांबतात. कारण सरळ आहे. भाडं ठरतं इथं पगारावर जगणाऱ्या माणसाच्या खिशावरून. विक्रीचा भाव ठरवतो तो इथं न राहणारा, म्हणजे दिल्ली, मुंबई, बंगळूरचा किंवा आखातात, लंडनमध्ये असलेला आपलाच माणूस. त्याला त्या घरात राहायचंही नसतं आणि भाडंही नको असतं. फ्लॅट त्याच्या लेखी लॉकरमधलं सोनं. सोनं वापरात नाही म्हणून कुणी स्वस्तात विकत नाही.

म्हणून रिकामी घरं आणि चढे भाव यांत विसंगती वाटते तेवढी नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एक तरी घर रिकामं नोंदलं गेलं होतं. तेव्हा पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळही नव्हता, तो जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडण्याचे भाव कुठं गेले ते सगळ्यांनी पाहिलं. घर बंद ठेवायला मालकाला खर्च काय येतो? घरपट्टी बहुतेक पंचायतींत किरकोळ, सोसायटीचा मेन्टेनन्स, वीजजोडणीचा स्थिर आकार. उलट भाड्यानं द्यायचं म्हटलं की भीती: भाडेकरू उठला नाही तर? गोव्याचा भाडेनियंत्रण कायदा १९६८ चा. त्याखालचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालल्याच्या गोष्टी प्रत्येक वाड्यावर ऐकायला मिळतात. त्यामुळे मालक अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सपलीकडे जात नाही, लाइट बिल भाडेकरूच्या नावावर करू देत नाही, आणि पुष्कळ जण म्हणतात की कटकटच नको, कुलूप बरं.

आता बंद घरांचा एकच गठ्ठा करू नका. त्यात निदान तीन जाती आहेत. वारसांच्या सह्यांत अडकलेलं वडिलोपार्जित घर, गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट, आणि कळंगुट-कांदोळीकडचं, ऑक्टोबर ते मे पर्यटकांना रोजावर देऊन पावसाळ्यात रिकामं राहणारं घर. तिघांवर एकच औषध चालत नाही, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकं तेच सुचवलं जातं.

भाडं बांधून देण्याचं घ्या. आज जो राहतोय त्याला त्यानं खरोखर फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये भाडेनियंत्रण जुन्या छोट्या इमारतींनाही लागू केलं, त्याचा स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी काढलेला हिशेब प्रसिद्ध आहे. संरक्षण मिळालेले भाडेकरू आपल्या घरात जास्त काळ टिकले. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याची घरं सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली, कुणी विकली, कुणी पाडून नवी बांधली. म्हणजे आत असलेल्याचं भलं, बाहेर रांगेत असलेल्याचं नुकसान. मुंबईत १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठवल्यावर इमारतींची दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न अजून मिटलेला नाही. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतला आकडाही बोलका आहे: शहरांतल्या घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, २०११ मध्ये २८. याला एकटं भाडेनियंत्रण जबाबदार नाही, पण कारणांत ते आहेच. गोव्यात तर मालकाला तिसरा रस्ता तयार आहे, पर्यटक. भाडं बांधलं की तो त्या दारानं निघून जाईल.

बाहेरच्यांना बंदी. भावना समजते, पण कायद्याची वाट अरुंद आहे. देशात कुठंही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. गोव्यासाठी असलेलं ३७१-आय हे कलम लोक मोठ्या आशेनं दाखवतात. ते वाचून पाहा: त्यात विधानसभेत तीसहून कमी आमदार नसावेत एवढंच आहे, जमिनीबद्दल अक्षर नाही. हिमाचलाच्या जमीन कायद्यात कलम ११८ आहे, पण ते बिगरशेतकऱ्याला जमीन हस्तांतरित करण्यावर आहे. आपल्याकडेही २०२३ पासून शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आणणारा कायदा आहे. फ्लॅटला यातलं काही लागत नाही. आणि एक अवघड गोष्ट कुणी बोलत नाही: बाहेरच्याला विकतो कोण? आपलाच भाटकार (जमीनदार), आपलाच चुलतभाऊ. भाव पडले तर घेणाऱ्या गोवेकराचं भलं आणि विकणाऱ्या गोवेकराचं नुकसान. राजकारणात विकणाऱ्याचा आवाज मोठा असतो.

जमीन सोडा, घरं वाढवा, भाव आपोआप उतरतील, हा तिसरा पक्ष. अर्थशास्त्रात त्याला भक्कम आधार आहे. ऑकलंडनं २०१६ मध्ये शहरातल्या वस्तीच्या भागांत दाट बांधकामाला परवानगी दिली आणि नवी घरं खरोखर वाढली. पण तिथं शहराच्या आतल्या जागेवर जास्त मजले चढले. आपल्याकडे नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, २०२४ मध्ये ३९-ए आलं, आणि त्यांतून प्रादेशिक आराखडा २०२१ मधल्या एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलला जाऊ लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. माझं मत स्पष्ट आहे: डोंगराच्या उतारावर बागायतीचं सेटलमेंट (वस्तीचा झोन) करून त्यावर पोहण्याच्या तलावासह आठ व्हिला उभे राहिले, तर तो तुमच्यासाठीचा पुरवठा नव्हे. पुरवठा वाढवायचा तर म्हापसा, फोंडा, मडगावात, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, साठ-सत्तर चौरस मीटरची घरं वाढायला हवीत.

मला स्वतःला पटतो तो उपाय कमी गाजणारा आहे. बंद ठेवणं महाग करा आणि भाड्यानं देणं निर्धास्त करा, दोन्ही एकदम. व्हँकुव्हरनं २०१७ पासून रिकाम्या घरावर वर्षाला किमतीच्या १ टक्का कर लावला, पुढं तो ३ टक्क्यांवर नेला. इथं घर बंद आहे हे ओळखायला निरीक्षक फिरवायला नकोत. वीज खात्याकडे प्रत्येक मीटरची महिन्याची युनिटं आहेत. वारसाहक्काचा दावा चालू असलेल्या घराला सूट द्यावी लागेल, पण मुदतीची, नाहीतर दावा हीच पळवाट होईल. आणि दुसऱ्या बाजूला, केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे तसं वेगळं भाडे प्राधिकरण, दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही आणि मुदत संपली की घर परत. नुसता कर लावला तर मालक युनिटं जाळण्यासाठी एसी लावून ठेवेल, आणि नुसता कायदा सोपा केला तर गुंतवणूकदाराला हलायचं कारणच नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तुमच्या घराचा हिशेब आजच्या आकड्यांवर करू.

९५ लाखांच्या घराला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतात, त्यापुढे ७५ टक्के. म्हणजे जास्तीत जास्त ७५ लाख कर्ज, २० लाख पदरचे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी शुल्क कर्जात धरत नाहीत. त्याला साधारण सात टक्के, म्हणजे ७ लाखांच्या आसपास, वेगळे ठेवा (स्लॅब बदलतात, सब-रजिस्ट्रारकडे विचारून घ्या). इथंच २७ लाख झाले, तुमच्याकडे २२ आहेत. व्याज सव्वाआठ टक्के धरलं तर वीस वर्षांचा हप्ता सुमारे ६३,९०० रुपये, म्हणजे पगाराचे ५८ टक्के. बँक बहुधा एवढं मंजूर करणारच नाही, आणि केलं तरी घेऊ नका.

समजा पैशांची सोय झाली. तरी तुलना हप्ता विरुद्ध भाडं अशी करू नका. ही चूक नव्वद टक्के लोक करतात. हप्त्यातलं मुद्दल हा खर्च नाही, ती तुमची बचत आहे. खर्च म्हणजे परत न येणारा पैसा. पहिल्या वर्षी व्याज साधारण ६ लाख १० हजार. पदरच्या २७ लाखांवर मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी मिळालं असतं ते पावणेदोन लाख. मेन्टेनन्स, घरपट्टी, पावसाळ्यानंतरचं गळतीचं आणि रंगाचं काम मिळून ६० हजार. एकूण साडेआठ लाख. तुमचं भाडं वर्षाला तीन लाख. फरक साडेपाच लाख, म्हणजे ९५ लाखांच्या ५.८ टक्के. घराचा भाव दरवर्षी जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढला तरच तुम्ही भाड्यानं राहणाऱ्याच्या बरोबरीला येता. भाडं वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत जाईल तसा हा फरक कमी होत जातो, पण दहा वर्षांत संपत नाही. भाव सहा टक्क्यांनी वाढणारच नाहीत असं मी म्हणत नाही. पण तो भाव दिल्लीच्या खरेदीदाराच्या मूडवर आहे, आणि तुमचा हप्ता तुमच्या पगारावर. हा धोका त्याला परवडतो.

म्हणून पर्वरीत भाड्यानंच राहा, पण नीट राहा. अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार मागा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावीच लागते, ती करा. खर्च तुम्ही उचलायची तयारी दाखवलीत तर मालक ऐकतो. भाडेवाढ पाच टक्के लिहून घ्या, पहिली दोन वर्षं कुणालाच मोडता येणार नाही असं कलम घाला, पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी स्वतःहून भरा. परदेशात असलेल्या मालकाला दोन हजार जास्त भाड्यापेक्षा वेळेवर उठणारा माणूस मोलाचा असतो.

विकत घ्यायचंच असेल तर पगाराच्या ४० टक्के, म्हणजे ४४ हजारांचा हप्ता ही हद्द. त्यात सुमारे साडेएक्कावन्न लाखांचं कर्ज बसतं, घर ६४ लाखांपर्यंत. पदरचे १३ आणि कागदपत्रांचे साडेचार धरून साडेसतरा लाख जातात, हाताशी साडेचार उरतात. तेवढे उरलेच पाहिजेत. या किमतीत डिचोली, फोंडा, म्हापशाच्या आतल्या बाजूला शोधा, जिथं भाव राहणारे लोक ठरवतात. पूर्ण झालेल्या, ऑक्युपन्सी मिळालेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्याला साधारण ५ टक्के, म्हणजे ६४ लाखांवर तीन लाखांच्या वर. आणि भाव विचारताना कार्पेट एरियाचाच विचारा. माहितीपत्रकावरचे १०० चौरस मीटर सुपर बिल्टअप असतील तर आत पाय ठेवायला साठ-सत्तरच मिळतात.

कागदांत गोव्यात लोक कुठं अडकतात ते सांगतो. एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातला सातबारा) फक्त कब्जेदाराचं नाव पाहतात. कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना पाहत नाहीत, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, कायद्याचं संरक्षण असलेला) तिथं बसलेला असतो. रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा दाखला) असते, पण इमारत उभी आहे त्यापेक्षा कमी क्षेत्राची. झोन सेटलमेंट दाखवतात, तो मूळ आराखड्यातला की नंतर बदललेला हे विचारत नाहीत. वर सांगितलेल्या निकालानंतर हे विचारायलाच हवं. जागा कोमुनिदादची (गावाच्या सामूहिक मालकीची) असेल तर स्वस्त आहे म्हणून मोहात पडू नका. विक्रेता विवाहित असेल तर जोडीदाराची सही खरेदीखतावर हवीच, कारण आपल्या नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची धरली जाते. फक्त नवऱ्यानं केलेलं खत पुढं डोकेदुखी ठरतं. नव्या प्रकल्पात रेरा नोंदणी तपासा आणि करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून एक रुपया जास्त देऊ नका, तसा कायदाच आहे.

आता डिचोलीचं घर. तुम्ही ते शेवटी एका ओळीत लिहिलंत, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कौलारू घर बंद राहिलं की दोन-तीन पावसाळ्यांत वाशांना वाळवी लागते, एक कौल सरकलं की त्याखालची भिंत भिजते, आणि मातीची असेल तर बसते. कागदांचं काम चालू असतानाच दर मे महिन्यात कौलं परतून घ्या. पाचही जणांत खर्च वाटून आणि पावत्या ठेवून, म्हणजे नंतर वाद नको.

पाचही वारसांचं जमत असेल तर आधी विशेष नोटरीपुढे वारसाहक्काचा दस्त करा, मग वाटणीपत्र, त्यावर प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही. आत्याची सही पुण्याहून आली आणि तिच्या यजमानांची राहिली, एवढ्यावर पुष्कळ वाटण्या अडतात. मग म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नावं चढवणं. जमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी प्रोसीडिंग (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी), २०१२ च्या वारसा कायद्याखाली. लोक याला घाबरतात, पण यात एक सोय आहे जी भारतात इतरत्र सहसा नसते: वारसच आपापसात त्या घरावर बोली लावतात. सगळ्यात वरची बोली लावणारा घर घेतो आणि इतरांना त्यांचा वाटा पैशात देतो. पाचातल्या चौघांना घर नकोच असेल, तर पर्वरीच्या फ्लॅटला लागणाऱ्या पैशांच्या छोट्या भागात ते तुमच्या नावावर होऊ शकतं. डिचोलीहून पणजी रोज जाता येतं. वेर्ण्याला जाणाऱ्याला मात्र त्रास होईल, तेव्हा कंपनीची बस कुठून सुटते ते आधी पाहा. अविभाजित वाट्यावर बँक कर्ज देत नाही, म्हणून दुरुस्तीचं कर्ज नाव चढल्यावरच.

या आठवड्यात एकच करा. त्या घराचा एक-चौदाचा उतारा काढा आणि कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचं एकट्याचं नाव आहे की त्यांच्या भावांचीही आहेत ते पाहा. भावांची असतील तर वारस पाच नाहीत, वीसही असू शकतात. इतर हक्कांत मुंडकाराचं नाव दिसलं तर ते इथं लिहा. मग वरचं अर्धं उत्तर बदलेल.